पुठ्ठ्याच्या घराच्या खिडक्या

दिवाळीला दारात टांगायचा कंदील म्हणून सूनबाईने पुठ्ठ्याचं घर केलं. दोन दिवस खपून खिडक्या रंगवल्या, त्यांना फुलाफुलांचे पडदेही काढले. आत दिवा लावला, तर बाहेर उजेडाचा ठिपका नाही.

"आई, आता काय करू?"

"खिडक्या काप."

"एवढे छान पडदे कापू?"

"नाहीतर ठेव कपाटात."

फुरंगटली, पण ब्लेड घेतलं. मी मदत केली नाही. तिचं घर, तिनेच कापावं. माणसं असून अंधारी, अशी नीटनेटकी घरं मी पुष्कळ पाहिलीत. तिथं भोक पाडायला कुणी धजत नाही.

पहिली खिडकी वाकडी झाली. तिच्यातून उजेड सुनेच्या मनगटावर पडला.

"दुसरी मोठी कापते," ती म्हणाली.