यशोधरा मावशींचा नवा आवाज

बेडसे गावात बोलवा होती, की यशोधरा मावशींच्या घरी कुणी गडी राहतो आणि फोन तोच उचलतो. गडीबिडी कुणी नव्हता. ते घोगरं "कोन बोलतंय?" मावशींचंच होतं.

तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. पाळी थांबली की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि काही बायकांचे स्वरतंतू जाड होतात. मुलांचे वयात येताना होतात, तसेच. मी सोबत गेलो होतो, आणि माझाही आवाज नुकताच फुटला होता. मावशी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "म्हंजे आता आमाला दोगान्ला संगंच मिशा फुटनार व्हय?"

हसल्या खऱ्या, पण बुद्धविहारात वंदना सांगणं त्यांनी सोडलं. इतकी वर्षं तो मान त्यांचा होता. मग लेक तेजलनं जुन्या रेकॉर्डिंगवरून फोनमध्ये त्यांचा पूर्वीचा बारीक आवाज हुबेहूब बनवून दिला. मी अख्ख्या गावाच्या नकला करतो, पण फोननं मला मागं टाकलं. मी पैज लावली, "मावशी, पौर्णिमेला वंदनेला तुमी फोनातलाच आवाज लावनार. हरलो तर महिनाभर विहार झाडीन."

पौर्णिमेला मावशींनी फोन पिशवीत टाकला आणि त्याच जाड आवाजात सुरुवात केली. पोरं खुसखुसली. तेवढ्यात मागून श्रीपती आबांनी सूर धरला, मग सगळ्या पुरुषांनी. मावशींच्या जुन्या उंच पट्टीत त्यांचा सूर पोचत नसे, म्हणून ते नुसतेच ओठ हलवायचे.

वंदना संपल्यावर मावशींनी झाडू माझ्या हातात दिला. "आन नक्कल करायची तर नव्या आवाजाची कर. जुनी शिळी झाली."