कच्चा टाका

आमच्या दाजींइतका अस्वस्थ माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तोही सारखा फिरतीवर असणार, त्यामुळे दोघांची गाठ पडणं अवघड आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जेवणाच्या ताटावर ते सलग बसल्याचं मला आठवत नाही. भाकरी मोडायची, एक घास घ्यायचा आणि "आलोच" म्हणून उठायचं. मग फाटकाची कडी बघायची, टाकीतला फ्लोट बघायचा, आणि घरात बघण्यासारखं काहीच उरलं नसेल तर रस्त्यावर कुणाची गाडी बंद पडलीय का ते बघायचं. स्वतःच्या लग्नातही मंगलाष्टकं चालू असताना, मांडवाचा एक खांब हलतोय म्हणून हे नवरदेव अंतरपाट सोडून निघाले होते. त्यांच्या मामांनी उपरण्याला धरून मागे ओढलं म्हणून आमची ताई वाचली. "पन खांब खरंच हलत व्हता," असं ते अजूनही सांगतात.

एकलहऱ्याच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड आहे. नाशिक रोडच्या कितीतरी कॉलन्यांची ग्रिलं, जिने आणि फाटकं तिथूनच निघाली. वेल्डिंगच्या धंद्यात दोन लोखंडं आधी ठिपक्याएवढ्या वेल्डिंगने नुसती धरून ठेवतात, त्याला टाका मारणं म्हणतात. सगळं मनासारखं जमलं की मग पूर्ण सांधा भरायचा. नाही जमलं तर एक हातोडा घातला की टाका सुटतो. दाजींनी हा टाका थेट संसारात आणला. "आधी टाका मारून ठेवू, मंग बघू," हे ते लोखंडाबद्दल म्हणत, प्लॉटबद्दल म्हणत आणि मुलीच्या स्थळाबद्दलही म्हणत. एकदा बघायला आलेल्या मंडळींना ते म्हणाले, "पोरगी पसंत आसंल तर टाका मारून घेऊ," तेव्हा मुलाची आई पोह्यांची बशी तशीच ठेवून उठली. ताई घरी शिवणकाम करते. टाका तिच्याही धंद्यात आहेच, पण ती कच्चा टाका घालते, अंगावर बसतंय का बघते आणि पक्की शिवण मारून मोकळी होते. "अहो, कच्च्या टाक्यावर ब्लाउज घालून कुणी लग्नाला जातं का?" ती विचारायची. तोवर दाजी फाटकाबाहेर गेलेले असायचे.

अशा माणसाकडे आमच्या कॉलनीने चौकातला पुतळा सोपवला. खरं म्हणजे फायबरचा डॉल्फिन आणायचं जवळजवळ ठरलं होतं. दाजी सभेत उभेच होते. "नाशकात समुद्र कंच्या साली आला?" असं त्यांनी विचारलं. वालदेवी नदीच्या काठी एवढे बगळे असतात, तर भंगारातून दुमजली घराएवढा बगळा आपण करू, मजुरी नको, असं कबूल करून चहा यायच्या आत ते निघूनही गेले. तासन्‌तास एका पायावर उभा राहणारा पक्षी, आणि करणार कोण, तर दाजी! ताई आणि मी पोट धरून हसलो.

पण दाजींनी ते फार मनावर घेतलं होतं. "आजवर केलं त्ये समदं चोर आत येऊ नये म्हनून केलं, पाव्हणं," ते मला म्हणाले. "ह्ये एकच आसं हाय, ज्याचा कायबी उपेग नाय." हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला पुढे थट्टाच सुचली नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे पंख झाले, सायकलच्या चेनींची पिसं झाली आणि चौकात बांबूंच्या परांचीआड बगळा उभा राहिला. पाय पक्का झाला, पोट पक्कं झालं. मान मात्र टाक्यावर राहिली. खाली दोर बांधून जागा अडवली होती, वर दाजी रोज हातोडा घालून मान सोडवत आणि दुसरीकडे वळवत. एकदा ती आमच्या भागातल्या पुढाऱ्यांच्या कार्यालयाकडे वळली. कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले पुढारी तावातावाने बाहेर आले. "हा बगळा कोणाला म्हणताय तुम्ही?" दाजींनी खुशीने मान फिरवली, तर ती देवळालीकडच्या रस्त्यावरच्या डेअरीवर रोखली गेली आणि बगळा दुधात पाणी शोधतोय असं लोक म्हणायला लागले, म्हणून डेअरीवाले रुसले. असं करता करता पावसाळा सरला. शेवटी कॉलनीच्या अध्यक्षांनी निकाल दिला, की दिवाळीपर्यंत मान पक्की झाली नाही तर बगळा उतरवायचा आणि डॉल्फिन बसवायचा. शेडमधला बाळू म्हणाला, "शेठ, मी भरू का सांधा?" दाजी त्याच्यावर कडाडले, "मानंला कुनी हात लावायचा नाय!"

ही अस्वस्थता नेहमीची नाही, हे फक्त ताईला कळलं. चष्मा लागल्यापासून तिच्या सुईत दोरा दाजीच ओवत. एका झटक्यात. त्यांचं एका बैठकीत पुरं होणारं तेवढं एकच काम होतं. पण वर्षभरापासून ताईने सुई हातात घेतली की दाजी "आलोच" म्हणून उठायला लागले. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. ताईला मात्र त्यांचा उजवा हात दिसला होता. टाका मारायला हात क्षणभर स्थिर राहिला तरी भागतं. सांधा भरायचा तर तो तसाच स्थिर ठेवून सावकाश पुढे न्यावा लागतो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी अध्यक्ष आणि चार माणसं चौकात येऊन उभी राहिली. वरून दाजींचं "आजून जरा डावीकडं" चालूच होतं. तेवढ्यात ताई पदर खोचून आली आणि कुणाला न विचारता परांची चढायला लागली. मी घाबरून तिच्या मागे गेलो.

"मान कुठे बघायला हवी, ते ठरलंय का?" तिने विचारलं.

"ठरलंय की. नदीकडं. पयल्या दिशी व्हती तशीच."

"मग?"

दाजींनी हात पुढे केला. तो थरथरत होता. मला तिथून खाली बघवेना आणि त्यांच्याकडेही बघवेना.

"एवढंच ना," ताई म्हणाली. "शिवताना कापड धरावंच लागतं. मी मनगट धरते."

तिने बाळूचे हातमोजे घातले, त्याची काळी काच डोक्याला अडकवली आणि दोन्ही हातांनी दाजींचं मनगट धरलं. ठिणग्या उडायला लागल्या, आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवली. मागून फक्त त्यांचं भांडण ऐकू येत होतं.

"अहो, हलू नका."

"म्या नाय हलत, तूच हलती."

सांधा नागमोडी झाला. बाळू ग्राइंडर घेऊन वर गेला, तर दाजींनी त्याला परत पाठवला. रंगाखालूनही ती शिवण दिसते.

आता संध्याकाळी दाजी बगळ्यासमोरच्या बाकावर बसतात. बसतात! चहा येतो, संपतो, तरी बसलेलेच असतात. ताई सुईत दोरा ओवायचं छोटं यंत्र घेऊन आली आहे. परवा मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. बराच वेळ झाला तरी ते उठलेच नाहीत. मला ते सहन होईना. उगीच म्हणालो, "दाजी, मान जरा उजवीकडे हवी होती का हो?"

हातोडा मागतील, निदान उठून चार पावलं मागे जाऊन बघतील, अशी मला फार आशा होती. त्यांनी बसल्या जागेवरून वर पाहिलं.

"नाय पाव्हणं. पक्की झाली आता."

मला एकदम गलबलून आलं. रस्त्यावर कुणाची गाडी बंद पडली नव्हती, घरी फाटकाची कडीही शाबूत होती. तरी मी "आलोच" म्हणालो आणि उठलो.