अनफॉर्च्युनेटली
लूमच्या तेलाचा वास आला की मला कशेळीचं ते थंडगार ऑफिस आठवतं, कारण त्या दिवशी माझ्या शर्टाला तोच वास येत होता. माझं सगळं कापड घेणाऱ्या कंपनीचा कोवळा साहेब हसून म्हणाला, "अनफॉर्च्युनेटली काका, पुढची ऑर्डर नाही देता येणार." ऑर्डर गेली की माझे लूम बंद. शब्द मला नवा होता, पण सौदा मला कळतो. भिवंडीत पहिला नकार म्हणजे बोलण्याची सुरुवात. मी खुर्ची ढकलून ओरडलो, "राहू द्या मग! घेणारे पन्नास आहेत," आणि तडक निघालो. आमच्याकडे असं उठलेल्याला कुणी दाराबाहेर जाऊ देत नाही, "अरे सेठ, बैठो तो" म्हणत हात धरतात. मी जिना मुद्दाम सावकाश उतरलो. हाक आली नाही. घरी लेकीने सांगितलं, "म्हणजे दुर्दैवाने, बाबा. वाईट बातमीआधी लावतात, मग दोष कुणाचाच राहत नाही." दुर्दैव माझं, आणि हसून बोलणार तो! लूम भंगारात गेले. शेडमध्ये आता भाडेकरूचे खोके असतात, पण फरशीतला तेलाचा वास जात नाही, आणि कुठलाही जिना उतरताना माझे कान अजून मागेच असतात.