अंगठ्यावरचं नाणं

बाबांच्या एकुलत्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, आणि बाबा बनियनच्या खिशात दोन रुपयांचं नाणं ठेवून पाच लाखांची वाट पाहत होते. चार महिने मी याच एका गोष्टीवर डोकं आपटलं. कुणाला सांगायला जावं तर लोक हसायचे, आणि हसून झाल्यावर हळूच विचारायचे, नाणं दाखवता का जरा?

दुसरा डोळा त्यांनी आधीच घालवला होता. चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत तीस वर्षं जमिनीखाली काम केलं तेव्हा काही झालं नाही. निवृत्त होऊन गावी, बपेऱ्याला गेले आणि पहिल्याच वर्षी धानाच्या मळणीत डाव्या डोळ्यात कुसळ गेलं. दवाखान्यात जायचं सोडून कुणीतरी सांगितलेल्या पाल्याचा रस पिळला. डोळ्यावर पांढरा डाग पडला तो कायमचा. तेव्हापासून ते साकोलीला माझ्याकडे आहेत. घरात आम्ही दोघंच. माझ्या लग्नाची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगायचा मला कंटाळा आहे.

मी एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर आहे. आता निम्मे लोक मोबाईलने पैसे देतात, पण उरलेले निम्मे घरातली सगळी घासलेली, वाकलेली नाणी माझ्यासाठी जपून ठेवतात. त्यातून आमच्याकडे दहाचं नाणं कुणी घ्यायला तयार नाही. सरकारी नाणं आहे, चालतं, असं मी रोज घसा फोडून सांगते. तरी समोरची म्हातारी हात मागे घेते. "चालत नाई बाई हे. नोट दे." मग माझ्या पाकिटातली नोट जाते आणि नाणं घरी येतं. घरी त्यासाठी एक स्टीलचा डबा आहे. विचित्र दिसणारी नाणीही त्यातच.

दिसेनासं झाल्यावर तो डबा बाबांचा विरंगुळा झाला. दुपारी ओसरीवर बसून ते एकेक नाणं चाचपायचे. खाणीतला दगड हातात तोलून माल कसा आहे ते सांगणारा माणूस, त्याची बोटं अजून शाबूत होती. एक दिवस त्या बोटांना दोन रुपयांचं एक नाणं वेगळं लागलं. ठसा एका बाजूला सरकलेला, त्यामुळे दुसऱ्या कडेला नखाएवढी कोर गुळगुळीत राहिलेली. बाबा ते घेऊन समोरच्या पानठेल्यावर गेले. पानठेलेवाला त्यांचा दोस्त, आणि दिवसभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसणारा. त्याने ऑनलाईन लिलावाचं एक पान काढलं आणि ठेल्यावरूनच ओरडला, "भाऊ, अगदी असंच हाये पाहा! पाच लाख लिवले!"

झालं. त्याच आठवड्यात सरकारी शिबिरात बाबांचा डोळा तपासला होता. भंडाऱ्याला नेणार, ऑपरेशन करणार, दुसऱ्या दिवशी पट्टी काढणार, खर्च काही नाही. तारीख मिळाली होती, मी रजा टाकली होती. बाबा जागचे हलेनात.

"एकच डोरा हाये मले," ते म्हणाले. "तो शिबिरात देऊ? नानं विकलं का नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडं जाऊ. भारी भिंग बसवू."

"शिबिरातले डॉक्टर डॉक्टर नाईत का?"

"हायेत. पन पाच लाख येऊन राहिले तं कायले घाई?"

आता हे सांगताना मला त्यांची भीती कळते. एक डोळा पाल्यापायी गेला, दुसरा कुणाच्या हाती देताना माणूस घाबरेलच. पण तेव्हा मला फक्त राग आला. मी म्हटलं, "बाबा, मागाले काय जाते? मी या फाटक्या चपलेचे दहा लाख मागतो. देनारा कोन हाये? कोनं घेतलं का आजवर?" ते शांतपणे म्हणाले, "मोबाईलवर लिवलं हाये." जसं काही मोबाईल म्हणजे कोर्टाचा शिक्का.

पहिली तारीख गेली. पुढच्या महिन्यात दुसरी मिळाली, तीही गेली. तांदूळ निवडणं हे बाबांचं काम होतं आणि त्यात त्यांना मोठा अभिमान. आता भातात खडे लागायला लागले. एकदा माझ्या दाढेचा तुकडा पडला. मी खडा हळूच ताटाच्या कडेला ठेवला, पण खडा वाजला आणि त्यांना ऐकू आलं. एकदा ठेल्यावर जाताना नालीत पाय गेला, नडगी सोलून निघाली. हळद लावून देताना मी त्या अनोळखी विकणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. दोन रुपयांचे पाच लाख लिहिताना लाज नाही वाटली? कुणी म्हातारा यापायी आंधळा होईल हे मनात नाही आलं? "ज्या हातानं लिवलं ते हात झडो त्याचे," असं मी ओरडून म्हटलं. बाबा हसले. म्हणाले, "त्याले कायले शिव्या देतं? त्याच्यामुळं तं आपल्याले भाव कळला."

ते पान मात्र मी पाहिलं नव्हतं. पाहायचंच नव्हतं. पानठेलेवाला फोन पुढे करायचा आणि मी तोंड फिरवून चालायला लागायची. असल्या गोष्टींकडे बघण्यातसुद्धा मला माझ्या शहाणपणाचा कमीपणा वाटायचा.

शेवटी एका सुटीच्या दिवशी त्याने माझ्या नाकासमोरच फोन धरला. "पाहा तं एकदा, बाई. खोटं बोलून राहिलो का मी?"

मी पाहिलं. नाणं एका अंगठ्यावर ठेवून फोटो काढला होता. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं, दोन फाका वेगळ्या वाढलेल्या. खाली लिहिलं होतं, अतिदुर्मीळ, टांकसाळीची चूक, जगात एकच.

तो माझा अंगठा होता.

नोकरीच्या पहिल्या वर्षी गाडीच्या खिडकीची काच त्यावर पडली होती. नख चिरलं ते तसंच राहिलं. आणि तीन वर्षांपूर्वी पाय मुरगळून घरी पडून होते तेव्हा मी मोबाईलवर असले लिलाव बघत बसायची. कुणी एका नाण्याचे दोन लाख, कुणी तीन लाख मागत होतं. माझं डोकं सणकलं. डब्यातलं एक ठसा सरकलेलं नाणं काढलं, अंगठ्यावर ठेवलं, फोटो टाकला आणि सगळ्यांची खोड मोडायची म्हणून पाच लाख लिहिले. मजकूर इकडून तिकडून उचलला. खरं सांगायचं तर ती गंमत निम्मीच होती. चार दिवस मी रोज उघडून बघत होते, कुणी विचारलं का. कुणी विचारलं नाही. मी नाणं परत डब्यात टाकलं आणि विसरले. पुढे तो फोन गाडीच्या मागच्या चाकाखाली गेला, तो नंबरही बंद झाला. पान तिथेच राहिलं.

म्हणजे बाबांच्या खिशातलं नाणं फोटोतल्यासारखं नव्हतं. तेच होतं. आणि शिव्या मी चार महिने स्वतःच्याच हातांना घालत होते.

मी पानठेल्यासमोर उभी राहिले आणि मला इतकी शरम वाटली की पान न घेताच पैसे देऊन घरी आले. दुपारी चहा केला. बाबांच्या समोर बसून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, ते चार दिवस वाट पाहिली तेही सांगितलं. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शिबिरात नेण्यासाठी तू आता काईही सांगशील."

"बाबा, माहा अंगठा हाये तो!"

"मले दिसते का? तू म्हनशील तो पानठेलेवाल्याचा हाये, तं तोही खरा."

मी त्यांचा हात धरून माझ्या नखावर फिरवला. त्यांनी हात काढून घेतला. "तुहं नख मले ठाऊक हाये. फोटोतलं नाई." दुसऱ्या दिवसापासून ते नाणं झोपतानाही खिशातून काढेनात. पानठेलेवाल्याने कानात भरवलं होतं की बाईला ते परस्पर डेपोतल्या कुणाला तरी विकायचं असेल. मी बारा वर्षं लोकांचे सुटे पैसे पैशापैशाने परत केले आणि माझ्या बापाने माझ्यापासून दोन रुपये लपवावेत, हे मला फार लागलं. त्या रात्री जेवले नाही. तेही जेवले नाहीत.

खरं सांगून उपयोग नाही, खोटं बोलायची सोय नाही. फोटो बघायला डोळा पाहिजे, डोळा करायला फोटोवरचा विश्वास उडाला पाहिजे. मी या चक्रात आठ दिवस फिरले. मग एकदा रागारागात तोंडून निघून गेलं, "तं करा ना डोळा! सोताच्या डोळ्यानं पाहा. माहा अंगठा नसला तं मी रजा टाकून नागपूरले जातो आनि नानं विकून येतो."

बाबांनी खिशातलं नाणं चाचपलं. "शिबिरातच करा लागन का?"

"हो. शिबिरातच."

"आनि तू हारली तं मांगं नाई फिरनार?"

"नाई फिरनार."

डॉक्टरांवर नाही, माझ्यावर नाही, पैज जिंकायच्या हौसेवर ते तयार झाले. मला हसू आलं नाही. तिसऱ्या तारखेला आम्ही भंडाऱ्याला गेलो. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, इतके दिवस का थांबलात, फार कडक झालाय. बाबा म्हणाले, "काम होतं जरासं."

बाबांना आत नेलं तेव्हा मी व्हरांड्यात बसले होते. हातात त्यांचा चष्मा, बनियन आणि बनियनच्या खिशात ते नाणं. ते मी फेकून देऊ शकले असते. हा डोळा गेला तर कुसळाने गेला असं म्हणता येणार नव्हतं, पाल्याने गेला असंही नाही. मी अंगठा मुठीत घट्ट धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. बाबा आधी बराच वेळ भिंतीकडे बघत होते, मग पंख्याकडे. मग माझ्याकडे. "केस कवा पिकले तुहे?" त्यांनी हात पुढे केला. "दाखव मोबाईल."

पानठेलेवाल्याने पाठवलेलं ते पान मी उघडून दिलं. त्यांनी फोटो पाहिला. माझा हात ओढून घेतला, अंगठा उलटासुलटा करून पाहिला, परत फोटो पाहिला. खिडकीची काच पडली तेव्हा या नखावर त्यांनीच पट्टी बांधली होती, रोज सकाळी सोडून पाहायचे. मला वाटलं आता ओरडतील. मीच म्हटलं असतं, ओरडा. पण त्यांचं बोट फोनवर खाली सरकलं. खाली लोकांनी प्रश्न लिहिले होते. नवा डोळा, जुनी सातवी, एकेक अक्षर लावत ते मोठ्याने वाचायला लागले.

"माझ्याकडे पण असेच नाणे आहे. कुठे द्यायचे." मग पुढचं. "सहा महिने झाले, उत्तर द्या. घराचे काम थांबवले आहे." मग आणखी एक. मग आणखी. काही कालचेच होते.

वाचता वाचता ते थांबले. "या लोकायले सांगतलं का तू?"

"माहं ते खातं बंद पडलं, बाबा. पान काढता येत नाई."

"काढता येत नाई ते ठीक. सांगतलं का?"

"सांगून कोन मानते? तुमीच मानलं नाई."

"मी नाई मानलं," बाबा म्हणाले. "तरी तू सांगतलं ना मले? या लोकायले सांगाले कोन हाये?"

बाजूच्या खाटेवरच्या आजीबाई आमच्याकडे बघत होत्या. मी नव्या नंबरवरून दुसरं खातं उघडलं आणि त्या प्रश्नांखाली लिहिलं, हे नाणं माझं आहे, पाच लाख मी गंमत म्हणून लिहिले होते, यावर काही थांबवू नका. आम्ही डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली घ्यायला रांगेत उभे होतो तेवढ्यात उत्तर आलं. तुम्हाला स्वस्तात पाहिजे म्हणून असे लिहिता, आम्ही मूर्ख नाही.

मी फोन पर्समध्ये टाकला. म्हटलं, बघा, हे असं असतं. बाबांनी काळा चष्मा चढवला होता. खिशातून नाणं काढलं, माझा डावा हात धरला, अंगठ्यावर नाणं ठेवलं, सरकलेली बाजू वर येईल असं बोटाने फिरवून नीट केलं. "काढ फोटो," ते म्हणाले. "नख दिसू दे."

तोच अंगठा, तेच नाणं. या वेळी मी लिहिलं, अतिदुर्मीळ नाही. आणि किंमत टाकली, दोन रुपये.

बाबा आता रोज ते नवं पान उघडून वाचतात. तांदूळही निवडतात, खडा लागत नाही. त्या फोटोखाली आजवर पुष्कळ लोकांनी विचारलं आहे आणि सगळ्यांनी एकच विचारलं आहे. खरी किंमत बोला.