कुत्र्यांचं रजिस्टर बंद करताना

सुमनबाई गांगुर्डे यांना कुत्र्याची जबर भीती. लहानपणी येवल्यात एक चावलेलं, पोटात इंजेक्शनं घ्यावी लागलेली. नवऱ्यामागे नगरपालिकेत कारकुनाची नोकरी लागली, तेव्हा त्यांच्या वाट्याला नेमकं पाळीव कुत्र्यांच्या परवान्याचं टेबल आलं. पण काही बिघडलं नाही. कुत्री यायची ती कागदावर. मालक पितळी बिल्ला घेऊन जायचा आणि सुमनबाई रजिस्टरात कुत्र्याचं नाव, रंग आणि शेपटीचा प्रकार लिहायच्या.

त्र्याहत्तरच्या सुमारास बिल्ले संपले. नवे आले नाहीत, मग लोकही येईनात. सुमनबाईंना जन्म-मृत्यूचं टेबल मिळालं, पण कुत्र्यांचं रजिस्टर त्यांच्याच गळ्यात राहिलं. दर मार्चअखेर अहवालात कुत्री तेवढीच जायची, एकशे बारा. वर्षानुवर्षं ना एक वाढलं, ना एक मेलं.

ब्याऐंशीत नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि पडून असलेली रजिस्टरं बंद करायचं निघालं. हेडक्लार्क शिरसाठ भाऊसाहेबांनी कुत्र्यांचं रजिस्टर चाळलं.

"बाई, हे असं नाही बंद होणार. शेऱ्याचा रकाना कोरा आहे."

"भाऊसाहेब, बहुतेक मेली असतील आता."

"असतील म्हणजे? मालकाची सही आणा. सही असली की मी लाल रेघ मारतो."

मग सुमनबाई छत्री आणि रजिस्टर घेऊन दुपारच्या हिंडू लागल्या. गंगापूर रोडला एका बंगल्याचे मालक म्हणाले, "आमच्याकडे कुत्रं कधी नव्हतंच." आत कुत्रं भुंकत होतं. बाईंनी फाटकाबाहेरूनच सांगितलं, "दंड नाही हो, मी जुन्या कुत्र्याबद्दल विचारतेय." तेव्हा त्यांना जुनं आठवलं. बहुतेकांना असंच आठवलं. कुणाचं म्हातारं होऊन गेलं होतं, कुणाचं पळालं होतं, एक तर पेठला सासऱ्यांच्या शेतावर पाठवलेलं. सह्या मिळत गेल्या.

शेवटचं घर पंचवटीत, रंगूबाई उगल्यांचं. नवरा फौजेत हवालदार होता, देवळालीला. कुत्र्याचं नाव कप्तान, रंग तांबूस, शेपूट वळलेलं. रंगूबाईंनी चहा ठेवला आणि कप्तानाबद्दल दुपारभर सांगितलं. हवालदार रोज ड्युटीला निघताना कुत्र्याला सलाम ठोकायचे, कारण कप्तान हुद्द्यानं मोठा. हवालदार वारले आणि त्याच महिन्यात कप्तानही गेला.

"मग इथं सही करा," सुमनबाई म्हणाल्या.

"काय लिवलंय?"

"मृत."

रंगूबाईंनी पेन खाली ठेवलं. "ह्यांच्या टायमाला असल्या लय सह्या केल्या. पेन्शनीला, रेशनला, घराला. आता कुत्र्याला नाय करायची."

सुमनबाईंनी वाद घातला नाही. नवऱ्याच्या वेळी त्यांनीही सह्या केल्या होत्या, आणि त्यातल्या शेवटच्या सहीवर त्यांना ही नोकरी मिळाली होती. त्यांनी कपबशी विसळून ठेवली आणि निघाल्या.

"एक राहिलं," त्यांनी कचेरीत सांगितलं.

"मग नाही बंद होत," भाऊसाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा होता.

त्या मार्चला अहवाल गेला. परवानाधारक कुत्री : एक. वरून कुणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा एक. दर मार्चला सुमनबाई पडताळणीसाठी पंचवटीत जायच्या. रंगूबाई दारातच विचारायच्या, "हाय का नाव अजून?"

"आहे."

मग चहा आणि इतर गोष्टी.

सत्त्याऐंशीत परिपत्रक आलं की नगरपालिकेच्या काळातली अशी सगळी रजिस्टरं आपोआप बंद समजावीत, शेरे भरायची गरज नाही. भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला. शिपाई बहिरूनं रजिस्टर कापडात बांधून अडगळीच्या खोलीत टाकलं.

सुमनबाई सांगायला गेल्या.

"मंग मेला म्हणून नाय ना लिवलं?"

"नाही. रकाना कोराच आहे."

"बरं झालं." रंगूबाईंनी चहा गाळला. "आन् तुम्ही? आता कशाला याल?"

"कामासाठी नाही येणार. रविवारी येईन."

रविवारी त्या इंदिरानगरहून दोन बस बदलून आल्या. पडताळणी नसल्यामुळे आधी दोघींना बोलायला काही सुचेना. मग रंगूबाईंनी मेथीची जुडी सोडली आणि अर्धी सुमनबाईंपुढे निवडायला टाकली.