एका नंबरावरच्या पाचजणी

उर्वशीला किळस फार लवकर येते. गडचिरोलीच्या बसस्टँडवर न पुसलेल्या टेबलावर ती चहासुद्धा घेत नाही. पण आदेशच्या ऑफिसात तिला रोज यायची ती किळस टेबलाची नव्हती, त्याच्या कामाची होती.

आदेश वेबसाइटी बनवून द्यायचा. मुलींच्या एका वसतिगृहाचा ऑनलाइन प्रवेश अर्ज त्यानेच बनवलेला. चिमूरहून आलेली उर्वशी त्याच्या हाताखाली. तिचा एकच हट्ट असे: लोकांनी फॉर्ममध्ये भरलेलं सर्व्हरवर आलं, की तिथल्या प्रोग्रॅमने ते आधी तपासायचं, मगच साठवायचं. तांदूळ न निवडता कोणी चुलीवर चढवतं का? आदेश चढवायचा. कुठल्याशा जुन्या कामातला प्रोग्रॅम उचलून त्याने इथे चिकटवला होता. त्यात माणसाची ओळख म्हणजे मोबाइल नंबर. तोच नंबर पुन्हा आला, की जुना अर्ज पुसून त्याजागी नवा लिहायचा आणि पडद्यावर हिरवी खूण दाखवायची, ‘अर्ज यशस्वी’.

“भाऊ, हे बरोबर नाई,” उर्वशीने तेव्हाच सांगितलं होतं. “आतल्या गावाईत रेंज एखाद्या मोहाच्या झाडापाशीच येते. तिथंच एक मोबाइल टांगून ठेवतेत. अख्ख्या गावाचा तोच नंबर राह्यते.”

“झाडाले मोबाइल?” आदेश खो खो हसला. “काऊन डोकं खाऊन राह्यली? चालू दे.”

आणि ते चालूच राहिलं.

प्रवेशाच्या दिवशी वसतिगृहाच्या अधीक्षिका रुखमाबाई पाच मुलींना घेऊन थेट ऑफिसात आल्या. पाचहीजणींच्या हातात पत्र्याच्या पेट्या. त्यांच्या गावच्या झाडावरच्या मोबाइलवर मेसेज आला होता, ‘अभिनंदन, प्रवेश निश्चित’. मेसेजात नाव नव्हतं. त्याच झाडाखाली बसून एकीमागून एक सगळ्यांनी अर्ज भरलेले, म्हणून मेसेजही सगळ्यांचाच समजून गावाने पाचहीजणींना बसमध्ये बसवून दिलं. वसतिगृहाकडे मात्र एकटीचंच नाव पोचलं होतं, मंगलीचं. तिने सर्वांत शेवटी भरला होता.

“बाकीच्याईनं फॉर्म भरलाच नाई, बाई,” आदेश बिनदिक्कत म्हणाला. “हे लोक असेच. अर्धवट सोडून देतेत.”

उर्वशीला त्याची किळस आली. चूक स्वतःची, खोटं स्वतःचं, आणि वर ‘हे लोक’! याच माणसाच्या डब्यातली भाजी आपण काल खाल्ली, हे आठवून तिला स्वतःचीही शिसारी आली.

“भरला होता हे दिसलं, तं मी चौघीईच्या जागा धरून ठेवतो,” रुखमाबाई म्हणाल्या. “नाई तं संध्याकाळी दुसऱ्याईले द्या लागन.”

उर्वशीने आपला कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. तपासणीसाठी ठेवलेल्या त्याच फॉर्ममध्ये तिने स्वतःचं नाव आणि नंबर घातला. हिरवी खूण आली. मग त्याच नंबरावर रुखमाबाईंचं नाव घातलं. पुन्हा हिरवी खूण आली. तिने साठवलेली माहिती उघडली. तिथे फक्त रुखमाबाई होत्या.

“तुह्यं नाव कुठी गेलं?” बाईंनी विचारलं.

“या चौघीईचं जिथं गेलं तिथंच.”

आदेश खुर्ची सारून उठला. “उद्यापासून येऊ नको,” तो दातओठ खात म्हणाला.

रुखमाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी वसतिगृहात फोन लावला आणि चारही जागा धरून ठेवायला सांगितल्या. मुलींनी पेट्या उचलल्या. मंगली मात्र पेटीवर बसूनच राहिली.

“ताई,” तिने हळूच विचारलं, “मी शेवटी भरला, म्हणून या चौघीईचा पुसला काय? म्या पुसला?”

उर्वशीने आपली पर्स खांद्याला अडकवली आणि मंगलीच्या पेटीची एक कडी धरली.

“तू नाई पुसला,” आदेशकडे बघत ती म्हणाली. “यानं पुसला. चाल, धर तिकडून.”