उजव्या कानातली गिटार

आम्ही जर्मनीत इंगोलश्टाटला राहायला गेलो त्या वर्षी नवऱ्याने एक रेकॉर्ड आणली. एका ब्रिटिश तरुणाचा निओ-सोल, म्हणजे जुन्या सोल संगीताच्या नव्या ढंगाचा अल्बम. ड्रम्स, बेस, गिटार, कीबोर्ड, सगळं त्याने एकट्याने वाजवलेलं. नवरा गाड्यांच्या कारखान्यात आवाजाच्या विभागात होता. नव्या गाडीत खुळखुळ कुठून येते, कुठलं दार कुरकुरतं, हे कानाने हुडकायचं त्याचं काम. घरीही तो तसंच ऐकायचा. मला शेजारी बसवून म्हणायचा, "बेस डावीकडे आहे बघ, गिटार उजवीकडे. माणूस एकच, पण स्वतःशीच गप्पा मारतोय."

फेब्रुवारीत एका सकाळी उठल्यावर तो म्हणाला, "उजव्या कानात पाणी गेलंय बहुतेक."

पाणी नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, होअरश्टुर्त्स. कान अचानक बंद पडणं. कॉर्टिसोन, विश्रांती. "कधी ऐकू परत येतं," त्या म्हणाल्या, "कधी नाही."

नाही आलं. त्या कानात नुसती एक शिट्टी राहिली, चोवीस तास.

सासूबाई फोनवर म्हणायच्या, "अगं, दुसरा कान धड आहे ना त्याचा?" धड होता. पण एकाच कानाने आवाजाची दिशा कळत नाही. मागून सायकलची घंटी वाजली की तो नेमका सायकलच्याच वाटेत सरकायचा. कामावर त्याला कागदपत्रांच्या विभागात हलवलं. सगळे फार सौजन्याने वागले, आणि तेच त्याला सोसेना.

त्या कलाकाराच्या कोलोनच्या कार्यक्रमाची तिकिटं आधीच काढलेली होती. मी म्हटलं, राहू दे. "जाऊ या," तो म्हणाला. हॉलमध्ये बहिरा कान भिंतीकडे करून तो उभा राहिला. तिसऱ्या गाण्यात त्याने माझा दंड धरला आणि आम्ही बाहेर आलो.

"काय होतंय?"

"सगळं एका ढिगात येतंय. कोण काय वाजवतंय, मला वेगळं काढताच येत नाही."

तो पायरीवर बसून रडला. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले.

पुढे रेकॉर्ड प्लेअर त्याने देऊन टाकला. घरात गाणं असं उरलं नाही. आता मुलगी चार वर्षांची आहे. ती कुठल्यातरी खोलीतून जर्मनमध्ये "पापा, हिअर", म्हणजे मी इथे, म्हणते आणि तो एकेक दार उघडून बघत जातो. तिला वाटतं, हा खेळ आहे.